निळा नागोबा

संपादकबाईंना आधीच सांगून ठेवलंय. माझं शिक्षण चौथी. ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही सुधारा, वाक्य लांबलं तर कात्री लावा, माझी काही तक्रार नाही. पण या लिखाणात दोन ठिकाणी 'लोणावला' असं येईल, 'ळ'च्या जागी 'ल'. त्याला हात लावायचा नाही. त्या एका अक्षरापायी माझी बारा वर्षं गेली, आणि त्याच अक्षरानं मला जिंकवलं.

मी सायकलवाला. लोणावळ्यात बाजाराच्या मागच्या गल्लीत दुकान होतं. पंक्चर, ब्रेक, वाकडी रिम, पोरांच्या तीनचाकी, पोस्टमनची, दूधवाल्याची, सगळ्यांची सेवा केली. हात थरथरायला लागले तेव्हा दुकान भाच्याला देऊन टाकलं. थरथरत्या हातानं स्पोक आवळता येत नाही. बिल्ला मात्र पुसता येतो.

बिल्ला म्हणजे काय ते सांगतो, कारण आता तो कुणी बघत नाही. सायकलीच्या पुढं उभे राहा. हँडलच्या खाली आणि पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या वर जी उभी नळी असते, तिला आम्ही हेड म्हणतो. त्यावर कंपनीचं चिन्ह असतं. हल्ली स्टिकर चिकटवतात, दोन पावसाळ्यांत जातो. पूर्वी तिथं पितळेचा नाहीतर तांब्याचा पत्रा असायचा, नळीच्या गोलाईला बसेल असा बाक दिलेला, दोन बारीक खिळ्यांनी ठोकलेला आणि त्यावर मीना. "सायकलीचं कपाळ, आन् त्यावरलं कुंकू," असं माझी बायको म्हणायची. तिचं नाव हौसा.

मीना म्हणजे रंग नव्हे. काच. पत्र्यात नक्षी खोदायची, खोलगट जागेत काचेची रंगीत पूड भरायची आणि पत्रा भट्टीत लाल होईस्तोवर भाजायचा. काच वितळून बसते ती बसते. ऊन खाऊ दे, आमचा लोणावळ्याचा चार महिन्यांचा पाऊस खाऊ दे, रंग ढळत नाही. हातोडी लागली तर टवका उडेल, पण फिका पडणार नाही. आणि एकदा भाजलं की त्यातलं अक्षर बदलता येत नाही. हे लक्षात ठेवा.

पहिल्या सायकली विलायतेहून आल्या, बिल्लेही तिकडचेच. कुणाचा सिंह, कुणाचा बगळा, कुणाचा राजमुकुट. एका कंपनीच्या बिल्ल्यावर तीन बंदुका होत्या, कारण तो कारखाना आधी बंदुका करायचा. पुढं देशी कारखाने निघाले तसे देशी बिल्ले आले. मोठ्या शहरांतले काही दुकानदार तर नुसता सांगाडा मागवायचे आणि त्यावर स्वतःच्या नावाचा बिल्ला ठोकायचे. अंग विलायती, कपाळ देशी.

मी गोळा करायला लागलो तो शौक म्हणून नाही. गिअरच्या सायकली आल्या आणि जुन्या सायकली भंगारात किलोनं जायला लागल्या. ज्या सायकलीच्या चाकांच्या वाटीत तीस वर्षं मी छर्रे, म्हणजे लोखंडी गोळ्या, भरले, तिला असं बघवेना. सांगाडा ठेवायला जागा नाही, मग कपाळ तरी ठेवू म्हटलं. आज माझ्याकडं चारशे अकरा आहेत. शिकलेले लोक गाड्या घेऊन बघायला येतात. येऊ देत. मी त्यांना चहा पाजतो आणि चुका काढतो.

बिल्ला काढणं हे कसब आहे. अडाणी माणूस खालून पेचकस घालतो आणि काच तडकवतो. आधी हँडल काढा, चिमटा उतरवा, छर्रे वाटीत गोळा करा. मग नळीच्या आतून खिळ्याच्या शेपटीवर हलकेच ठोका. खिळा आपणहून बाहेर येतो. कुणालाही घराबाहेर काढायचं तर आतून, सावकाश. बाहेरून ओढलं की मोडतं.

आणि खरा मीना ओळखायचा दातानं. बिल्ल्याची कड पुढच्या दातावर हलकेच आपटायची. काच असेल तर चिनी कपासारखं टक् होतं, गार लागतं. नुसता रंग असेल तर ठप्प. एकदा पुण्याचा एक गॉगलवाला गृहस्थ मला सिंहाचा बिल्ला दाखवायला आला. विलायती आहे, आजोबांचा आहे, म्हणाला. मी दाताला लावला. ठप्प.

"आजोबांनी गेल्या महिन्यात रंगवलाय काय?" मी विचारलं.

तो गेला तो गेलाच. हौसा आतून म्हणाली, "आता बिल्लं खायाला लागलात? जेवायला वाडू का नको?"

खंडाळ्याच्या एका बंगल्याच्या माळ्यानं घेवड्याचा वेल जुन्या सायकलीवर चढवला होता. सायकल दिसतच नव्हती, नुसत्या शेंगा. मी पानं बाजूला केली तर आत जांभळ्या मीन्याचा मोर. असा मोर मी आधी पाहिला नव्हता, पुढंही पाहिला नाही. माळी म्हणाला, "आबा, येल काढू द्यायचो न्हाई. शेंगा उतरल्या की या." मी दोन महिने थांबलो. शेवटची शेंग तोडून झाल्यावर त्यानं स्वतः निरोप धाडला. बिल्ल्याबरोबर शेंगाही दिल्या. हौसानं भाजी केली आणि रिठ्याच्या पाण्यानं मोर धुतला. बिल्ले धुवायचं तिनं स्वतःकडं घेतलं होतं. मी आधी चिंचेनं घासायचो. ती म्हणाली, चिंच पितळेला चांगली, काचेच्या फटीत शिरली की खाते. रिठा मऊ असतो. तिचं बरोबर होतं. तिचं बऱ्याच गोष्टींत बरोबर होतं, पण कबूल करायची माझी पद्धत नव्हती.

आता मूळ गोष्ट.

मी अठरा वर्षांचा कामाला लागलो तो दाऊदचाचांच्या दुकानात. चाचा आमच्याच मावळचे, मराठी माझ्यापेक्षा चांगलं. त्यांचा धंदा भाड्याच्या सायकलींचा. खंडाळ्याच्या बंगल्यांत हवा खायला आलेले पाहुणे सायकली न्यायचे, आणि दम लागला की जागेवर टाकून घोडागाडीनं परत यायचे. कुणी वळवणच्या धरणावर टाकायचं, कुणी थेट नागफणीच्या वाटेवर. म्हणून चाचांनी फार पूर्वी, माझ्याही आधी, मुंबईच्या एका मीनाकारखान्यातून पन्नासेक बिल्ले करून आणले होते. निळं आभाळ, त्यात आमचा नागफणीचा सुळका, आणि खाली पांढऱ्या अक्षरांत दुकानाचं नाव, 'नागफणी सायकल', आणि गावाचं नाव. बिल्ला बघून कुणीही सायकल दुकानात आणून सोडायचं.

पण कारखान्यातला कारागीर मराठी नव्हता. त्याला 'ळ' माहीत नव्हता. त्यानं लिहिलं, 'लोणावला'.

चाचा म्हणायचे, "अरे, पेटी उघडली आणि मी डोक्याला हात लावला. पन्नासच्या पन्नास बिल्ल्यांवर माझ्या गावाचं नाव चुकलेलं. परत धाडावं तर भाजलेला मीना पुसणार कसा? मग म्हटलं, ठोका. लोक अक्षर थोडंच वाचतात? सुळका बघतात."

मी कामाला लागलो तेव्हा तसा बिल्ला असलेल्या दोनच सायकली दुकानात उरल्या होत्या. बाकीच्या जुन्या झाल्या तशा चाचांनी आसपासच्या गावांत विकल्या. त्या दोन मी रोज पुसल्या. पुढं चाचा गेले, दुकान पडलं, त्या जागी हॉटेल आलं. त्यांच्यामागं कुणी नव्हतं. ज्या माणसानं मला हातात पाना धरायला शिकवलं, त्याचं नाव सांगायला गावात एक पाटीसुद्धा राहिली नाही.

बारा वर्षांपूर्वी पुण्याहून इनामदारसाहेब आले. इंजिनिअर होते, निवृत्त झालेले. देशभरातल्या बिल्ल्यांचं पुस्तक करत होते. पांढरे हातमोजे घालून एकेक बिल्ला भिंगाखाली धरला, तीन तास बसले. मोर बघून खुर्चीतून उठले. चांगला माणूस. मी त्यांना नागफणीच्या बिल्ल्याचं सांगितलं.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "काका, एवढ्याशा गावातलं भाड्याचं दुकान स्वतःचा मीन्याचा बिल्ला कशाला करील? तोही मराठी अक्षरांचा? अशी नोंद कुठंच नाही."

"मी डोळ्यांनी बघितलाय. 'ळ'च्या जागी 'ल' आहे."

"असेल. पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे. मी पुस्तकात घेतो, पण 'ऐकीव माहिती' म्हणून."

हौसा चहा घेऊन बाहेर आली. "सायेब, ह्यांनी आयकलं न्हाई, बगितलंय. ह्यो मानूस हज्जार वेळा भांडला आसंल माज्याशी, पन खोटं एकदा बोलला न्हाई. तुमाला आनिक कसला कागूद पायजे?"

साहेब हसले. तिला नमस्कार करून चहा घेतला. पण वहीत त्यांनी 'ऐकीव' हाच शब्द लिहिला, मी बघितलं. तो शब्द मला लागला. चाचा ऐकीव? त्यांचं दुकान ऐकीव? मग मी कुठं काम केलं, हवेत?

तेव्हापासून मी तो एक बिल्ला शोधायला लागलो. तळेगाव, वडगाव, कामशेत, जिथं भंगारवाला तिथं मी. लोहगडवाडीत एका चहाच्या टपरीला सायकलीच्या सांगाड्याचं बाकडं केलेलं. पावसात आडवा पडून खालून बघितलं. निळा होता. खरवडल्यावर कळलं, कुण्या कंपनीचं जहाज. टपरीवाली म्हणाली, "आबा, पडलात का?" म्हटलं, नाही, बघतोय. "मग बगा बगा," म्हणाली, आणि माझ्या पोटावरून ओलांडून गिऱ्हाइकाला भजी देऊन आली.

गावोगाव मी एकच प्रश्न विचारायचो, "जुन्या सायकलीचा बिल्ला आहे का?" आणि विचारायचो पुरुषांना. इथं माझी अक्कल संपली.

त्या शोधाच्या चौथ्या-पाचव्या वर्षी हौसा नागपंचमीला माहेरी गेली. तिचं माहेर वडिवळे, कामशेतजवळ, धरणाकाठी. परत आली, पिशवी ठेवली आणि म्हणाली, "आवो, आमच्या वैनीच्या देवातला नागोबा निळा हाय बगा. वाटीनं पानी घालताना दिसला. पितळंचा टाक निळा कसा वो?"

टाक म्हणजे देवाचं रूप उठवलेला लहानसा पत्रा, आमच्याकडं देव्हाऱ्यात असतात. मी एका विलायती बिल्ल्याचे खिळे मोजत बसलो होतो. मान वर न करता म्हणालो, "तुला काय कळतंय त्यातलं? गप चहा टाक."

तिनं चहा टाकला. तो विषय परत काढला नाही.

दोन वर्षांपूर्वी हौसा गेली. तीन आठवडे दवाखाना, आणि संपलं. मला रडायचं कसं ते येत नाही. मी सगळे बिल्ले पेटीत भरले, पेटीवर गादी टाकली आणि त्यावर झोपायला लागलो. रिठ्यांचा डबा फळीवर तसाच राहिला, तिनं फडक्याला मारलेल्या गाठीसकट. साहेबांचे फोन यायचे. पुस्तक छापायला निघालंय, काही सापडलं का? मी म्हणायचो, नाही.

यंदा नागपंचमीच्या आदल्या दिवशी बाजारात कुंभारीण मातीचे नागोबा घेऊन बसली होती. सगळे पिवळे, काळे. एकच निळा. मला काय झालं कुणास ठाऊक, मी विचारलं, "निळा कुठं असतो काय नाग?"

"आसतोय की आबा," ती म्हणाली. "तुमी बगितला नसंल."

मी तिथंच तिच्या टोपलीजवळ उभा राहिलो. निळा. पत्र्याचा. बाक दिलेला. फणा. नागफणी! तो सुळका आम्हाला सुळका दिसतो, कारण आम्ही रोज त्याच्या पायथ्याशी राहतो. ज्यानं तो बिल्ला सायकलीविना बघितला असेल, त्याला त्यात काय दिसेल? नाग. फणा काढलेला नाग.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिठ्यांचा डबा पिशवीत घातला, त्याबरोबर पेचकस, बारीक पटाशी आणि ब्रश. पहिली एसटी धरून कामशेत, तिथून टमटमनं वडिवळे. हौसाची थोरली वहिनी, कोंडावैनी, ओसरीवर दारात रांगोळी घालत होती. ऐंशीच्या पुढं वय, पण आवाज पाटलिणीचा.

"दाजी? आज? वर्दी न्हाई, काय न्हाई?" ती म्हणाली, आणि तिनं माझ्यामागं रस्त्याकडं बघितलं. नागपंचमीला त्या घरात हौसा यायची. तिच्याऐवजी मी आलो होतो.

मी म्हटलं, "वैनी, तुमचा नागोबा बघायचाय."

चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी त्या घरात जावई म्हणून जेवलो. जावयाला ओसरीवर पाट, आत कशाला जाईल? देव्हारा आतल्या खोलीत. माझ्या ताटापासून बारा पावलं. मी पुण्यापर्यंतचं भंगार उपसलं आणि बारा पावलं टाकली नाहीत.

देव्हाऱ्यात तो टाकांच्या शेवटी टेकवून ठेवलेला. तळहातापेक्षा लहान. हळद, कुंकू, तूप आणि निरांजनाची काजळी, साठ-पासष्ट वर्षांचा थर. फक्त वरचा फणा दर वर्षी पुसून घासून थोडा उघडा राहिलेला, आणि फण्याच्या कडेनं बोटभर निळा. पत्र्याला बाक. दोन बाजूंना दोन भोकं.

माझा हात आपोआप पुढं गेला. उचलला, आणि सवयीनं दाताकडं नेला.

"दाजी!" कोंडावैनी ओरडली. "देव चावताय व्हय?"

मी टाक परत ठेवला. पण कड लागली होती. टक् वाजलं होतं. गार.

"वैनी, याच्यावर काही लिहिलेलं आहे का, ते मला बघायचंय." मी पिशवीतून पटाशी काढली.

"ती आत ठेवा," ती म्हणाली. "आज पंचीम हाय. आज चिरायचं न्हाई, कापायचं न्हाई, जिमिनीला नख लावायचं न्हाई. आन् तुमी नागोबाला खरवडनार?"

तिचं खरं होतं. त्या दिवशी आमच्याकडं विळीसुद्धा वापरत नाहीत, जेवणाची दिंडंही उकडून करतात. मी हत्यारं पिशवीत टाकली. आयुष्यभर ज्या हातांनी काम केलं ते मांडीवर ठेवून बसावं लागलं. मग मला डबा आठवला.

"आंघोळ तर घालता ना? यानं घाला," मी म्हटलं आणि रिठे पुढं केले.

वैनीनं फडक्याची गाठ बघितली. "ही हौसाची गाठ," म्हणाली. रिठे कोमट पाण्यात कुस्करले, फेस केला, ताम्हनात नागोबा ठेवला आणि बोटानं चोळायला लागली. पाणी पिवळं झालं, मग लाल, मग काळं. ते ओतलं, दुसरं घेतलं. बोट फिरवता फिरवता ती सांगायला लागली, हा देव घरात कसा आला ते.

"मामंजी सायकलीवरनं कामशेताला दूध घालायचे. एक दिस वाटंत मोठा नाग आडवा आला. सायकल दगडावर आपाटली, मामंजी खाली, दूध मातीत. नाग निगून गेला, मामंजींना दुखलं न्हाई की खुपलं न्हाई. उटून बगत्यात तर धुळीत ह्यो पडल्याला. फना काडून. आत्याबाई म्हनाल्या, देवानंच रूप धाडलं. तवापास्नं देवात."

आत्याबाई म्हणजे तिची सासू, मामंजी म्हणजे तिचे सासरे, आणि माझेही. हौसाचे वडील.

"सायकल कुठली होती?" मी विचारलं.

"मला काय म्हाईत? लोनावळ्याच्या एका मुसलमान दुकानदाराकडनं जुनी घेतलीती."

म्हणजे दाऊदचाचा. मी माझ्या सासऱ्यांची सायकल कधी बघितली नाही, पण दूधवाल्याची सायकल मला पाठ आहे. हँडलला पुढून किटल्या लटकवल्या की कपाळ झाकलं जातं. त्यात चिखल. ज्या माणसाला पहाटेची गाडी गाठायचीय, तो सायकलीच्या कपाळाकडं कशाला बघेल? सायकल दगडावर आपटली, खिळे तुटले, बिल्ला धुळीत पडला, आणि त्यानं तो आयुष्यात पहिल्यांदा बघितला. अक्षरओळख नाही, त्याला दिसला तो फणाच.

चौथं पाणी पडलं तेव्हा आभाळ निघालं. दाऊदचाचांचं निळं आभाळ, कालच भाजल्यासारखं. सुळका निघाला. वैनीचं बोट खाली सरकलं. पांढरं काहीतरी. मी म्हटलं, "हळू." ती म्हणाली, "देव म्या जलमभर पुजला, मला शिकवू नका."

आधी 'ना'. मग 'गफणी'. मग 'सायकल'. मग खालची ओळ, एकेक अक्षर काळ्या पाण्यातून वर आल्यासारखं.

लोणावला.

मी तिथंच, देव्हाऱ्यासमोर, बसल्या जागी हौसाच्या नावानं एक शिवी हासडली. प्रेमाचीच. वैनी दचकली. "तिनं मला सांगितलं होतं," मी म्हटलं. "निळा आहे म्हणून सांगितलं होतं. मी म्हणालो, तुला काय कळतंय."

भाजलेला मीना पुसता येत नाही. तसंच ते बोलणंही.

मग ओसरीवर येऊन साहेबांना फोन केला. फोटो पाठवता येत नाही मला. येत असता तरी पाठवला नसता. म्हटलं, "साहेब, या. 'ल' सापडला."

दोन-अडीच तासांत त्यांची गाडी वडिवळ्यात. ओसरीवर बूट काढले, पिशवीतून हातमोजे काढले. कोंडावैनी दारात उभी.

"ते हातातलं काडा. देव हाय."

"आजी, हाताचा घाम लागू नये म्हणून—"

"आमचा लागला, त्यानं काय देव बाटला?"

साहेबांनी मोजे काढले. हात-पाय धुतले. देव्हारा खाली, जमिनीलगत. साहेब उंच, शिवाय गुडघे दुखणारे. भिंग लावून अक्षर वाचायचं म्हणून ते वाकले, आणखी वाकले, शेवटी कपाळ जमिनीला टेकायचंच बाकी राहिलं. बराच वेळ तसेच होते. आम्ही दोघं मागं उभे.

"नमस्कार झाला न्हवं?" वैनी म्हणाली. "आता परसाद घ्या."

साहेब उठले तेव्हा डोळे ओले होते, गुडघ्यानं की कशानं ते मी विचारलं नाही. म्हणाले, "काका, मी चुकलो. 'ऐकीव' काढतो. दाऊदचाचांचं नाव घालतो, तुमचंही घालतो."

"माझं नको," मी म्हटलं. "ज्यांनी शोधला त्यांचं घाला. हौसाबाईंनी शोधला. माहेर वडिवळे."

त्यांनी तसंच लिहून घेतलं. मी वाचून बघितलं, मगच हात धुवायला गेलो. पुरणाची दिंडं साहेबांनी चार खाल्ली.

जेवणं झाल्यावर वैनीला सगळा उलगडा सांगितला. किटल्या, दगड, तुटलेले खिळे. ती ऐकत राहिली, आणि मग पदर तोंडाला लावून अशी हसली की मला वाटलं हिला ठसका लागतोय. "म्हंजी मामंजी जलमभर सोताच्याच सायकलीच्या पाया पडत हुते? आन् आमी समदी त्यांच्या मागं!"

हसून झाल्यावर तिनं डोळे पुसले, आत गेली, आणि बिल्ला फडक्यात गुंडाळून घेऊन आली. "घ्या दाजी. सायकलीचा हाय तर तुमचा हाय. बारा वरसं हिंडलात. मी दुसरा नाग आनीन."

साहेब माझ्याकडं बघत होते. ते जाणत होते, अशी वस्तू हातात आली की गोळा करणारा माणूस काय करतो ते. मीही जाणत होतो. त्याच्यासाठी मी पावसात टपरीखाली आडवा पडलो होतो.

मी तो हातात घेतला. दाताला लावला नाही. वैनीला म्हटलं, "हौसा याच्या पाया पडायची?"

"चार वर्साची हुती तवापास्नं. लगीन झाल्यावर दर पंचमीला. कपाळ टेकवायची त्याला, माझ्यापरीस जास्त येळ."

माझ्या चारशे अकरा बिल्ल्यांना हौसाचा हात लागलेला आहे. सगळे तिनंच धुतले. पण तिचं कपाळ लागलेला हा एकच. मी तो परत आत नेला, होता तिथं ठेवला आणि नमस्कार केला. देवाला केला, चाचांना केला की तिला, ते मला विचारू नका.

"वैनी," मी म्हटलं, "राहू दे हितंच. फक्त धुवायचा तो रिठ्यानं. डबा ठेवून जातो."

आता पेटी परत उघडलीय. भिंतीवर लाकडी चौकटी लावल्यात, ओळीनं सगळे बिल्ले. मधोमध एक जागा रिकामी आहे. बघायला येणारे तिथं हमखास थांबतात आणि विचारतात, इथला कुठं गेला? चोरीला गेला का? तिथं मी माझ्या अक्षरात चिठ्ठी लावलीय. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, पण कुणी सुधारायचं नाही.

'माहेरी आहे.'